पपईच्या पानांचा रस, गुळवेल की चिनी काढा: डेंग्यूवर खरंच काही चालतं का?

पावसाळ्यात मिरा-भाईंदरमधल्या वरसाव्यापासून विदर्भापर्यंत डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो: पपईच्या पानांचा रस प्या, प्लेटलेट्स वाढतील. जोडीला गुळवेल सुचवली जाते. चीनमध्येही डेंग्यूवर पारंपरिक वनौषधींचे काढे दिले जातात. यात तथ्य किती?

प्लेटलेट्स वाढतात का?
2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या 228 रुग्णांच्या चाचणीत पपईच्या पानांचा रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट्स जास्त वाढल्या. पण त्याने गंभीर आजार किंवा मृत्यू टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय डेंग्यूत घसरलेल्या प्लेटलेट्स बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत आपोआप वाढतात. रस त्याच दिवसांत घेतलेला असल्याने श्रेय त्याला मिळतं.

खरा धोका कधी?
रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळणं हे डेंग्यूतलं मोठं संकट. ते बहुधा ताप उतरत असताना येतं. पुढचे 24 ते 48 तास नाजूक असतात. नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं, काढा लागू पडला!

वनस्पती म्हणजे निर्धोक?
मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष फेटाळला. वाद असला, तरी डेंग्यूतही यकृतावर ताण येतो, हे विसरू नये.

पण चिनी वनौषधीला नोबेल मिळालं ना?
तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. त्यांनी वनस्पतीतला नेमका घटक वेगळा काढला आणि तो रुग्णांवर तपासला गेला. डेंग्यूच्या विषाणूवर असं सिद्ध औषध अजून नाही, ना वनौषधींत, ना ॲलोपॅथीत.

मग करायचं काय?
भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. रक्तस्राव वाढू शकतो. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं, तर ताप उतरलेला असला तरी रुग्णालय गाठा. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर हा पाठवा.