क्विटलाइनवर एक प्रश्न वाढवा

प्रति,
राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, नवी दिल्ली



सिगारेटच्या पाकिटावर आपण १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा नंबर छापता. तिथे फोन करणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा, यासाठी हे पत्र: ‘तुम्हाला आतड्याचा जुना आजार आहे का, आणि असल्यास कोणता?’ क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन्ही आजारांत प्रतिकारयंत्रणा आतड्यावरच उलटते. पेशंट वर्षानुवर्षे जुलाब, पोटदुखी आणि शौचावाटे पडणारे रक्त सोसतो. धूम्रपानाचा परिणाम मात्र दोन्हींत उलटसुलट आहे. क्रोन्स त्याने बळावतो आणि ऑपरेशननंतरही पुन्हा डोके वर काढतो. कोलायटिस सिगारेट ओढणाऱ्यांत कमी दिसतो आणि सोडलेल्यांत जास्त. कार्डिफच्या डॉक्टरांनी ही गोष्ट १९८२ मध्येच नोंदवली होती.

असे का होते, याचे एक पटण्यासारखे उत्तर जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये मांडले. धुरामुळे आतड्यात हायड्रोक्विनोनसारखी रसायने वाढतात आणि त्यांच्या आधाराने एरवी तोंडात राहणारे काही जंतू आतड्याच्या अस्तरात वस्ती करतात. त्यांतला एक जंतू उंदरांना दिल्यावर ‘टीएच-१’ नावाच्या संरक्षक पेशी वाढल्या. क्रोन्समध्ये याच पेशी आधीपासून खवळलेल्या असतात, म्हणून आगीत तेल पडते. कोलायटिसमध्ये प्रतिकाराचा झोक वेगळ्या बाजूला असतो, तो या पेशींमुळे थोडा आवरला जातो. सिगारेट सुटली की त्या जंतूंचा आधार जातो आणि आवरही जातो. हे अजून शेवटचे उत्तर नव्हे, निकोटिनचा स्वतंत्र परिणामही असू शकतो. पण सोडल्यानंतर कोलायटिस का उसळतो, हे यातून समजू लागते.

सल्ला देणाऱ्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे. क्रोन्सच्या पेशंटसाठी सिगारेट सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवले की वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचा आजार कधीच न ओढणाऱ्यांसारखा चालतो आणि ओढतच राहिलेल्यांपेक्षा कितीतरी कमी वेळा उसळतो. एवढा फायदा पेशंटला कुणी ठामपणे सांगत नसेल, तर ती मोठी हेळसांड आहे. कोलायटिसच्या पेशंटची अडचण निराळी. त्याने हिमतीने सिगारेट सोडली, काही महिन्यांनी रक्त पडू लागले आणि कुणी आधी सावध केले नसेल, तर तो पुन्हा पानटपरीवर जाईल. त्याला दोष कसा द्यायचा?

यावर आक्षेप येईल की असे सांगणे म्हणजे सिगारेटची शिफारस. मला तसे वाटत नाही. ही माहिती पेशंटच्या मोबाइलवर आधीच पोचलेली असते, फक्त अर्धवट. उरलेली अर्धी आपण सांगायची: हृदयविकार, फुप्फुसाचा आजार आणि कॅन्सर यांपुढे हा फायदा काहीच नाही. निकोटिनचा पॅचही तपासून झाला आहे. १९९४ च्या चाचणीत पॅच लावलेल्या ३५ पैकी १७ जणांचा कोलायटिस शांत झाला, नुसत्या दिखाऊ पॅचवर ३७ पैकी ९ जणांचा. पण शांत झालेला आजार तसाच टिकवण्यासाठी पॅच उपयोगी पडत नाही, हे पुढच्याच वर्षी दिसले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यातला बराचसा पुरावा पाश्चात्त्य देशांतला आहे आणि आशियातल्या काही अभ्यासांत क्रोन्स होण्याशी धूम्रपानाचे नाते तितके स्पष्ट नाही. ते खरे आहे. तरीही झालेला क्रोन्स धुरात ठेवायला ते कारण पुरत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर २०१६-१७ च्या पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणून तंबाखू मळणाऱ्या आणि मशेरी लावणाऱ्या कोलायटिसच्या पेशंटलाही बजावले पाहिजे की या अभ्यासांतून त्या सवयीला कसलाही आधार मिळत नाही.

तेव्हा समुपदेशकांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न घाला. उत्तर ‘कोलायटिस’ आले तर सिगारेट सोडण्याचा दिवस पोटाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायला सांगा, चालू औषधे थांबवू नका म्हणून बजावा आणि रक्त दिसताच कुणाला गाठायचे ते लिहून घ्यायला लावा. फोन वर्षभर पुन्हा पुन्हा जायला हवा, कारण आजार उसळण्याचा धोका पहिल्या महिन्यातच संपत नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आपल्या क्विटलाइनमध्ये आहेच. मराठीतून हे काम तिथूनच सुरू करता येईल.

कळावे,
एक आरोग्यविषयक लेखक