उपाहारगृहांत चिमुकल्याचें ताट

खांदा कॉलनीसारख्या वसाहतींत रविवारीं दुपारीं साखळी-उपाहारगृहांत सहकुटुंब जेवावयास जाणें आतां नवलाचें राहिलें नाहीं. त्यांत वावगेंहि कांहीं नाहीं. विचार करावयाचा तो सोबतच्या पांच वर्षांच्या नातवाचा.

दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं पदार्थांपुढें उष्मांक छापावे, असा नियम १ जुलै २०२२ पासून अंमलांत आहे. (आपण वाचतों तो मात्र किंमतीचा रकाना!) शेजारींच दिवसाकाठीं २,००० उष्मांकांचा दाखला असतो, पण तो प्रौढांसाठीं. चार ते सहा वर्षांच्या बालकास सुमारें १,३५० पुरतात.

इतकें असून मोठ्या माणसाचें ताट त्याच्यापुढें येतें, आणि मागोमाग घरची शिस्त : "पानांत टाकायचें नाहीं!" ही शिस्त आजीनें घातली ती स्वतः बेताचें वाढून. परक्यानें वाढलेल्या ताटाला ती लावली, कीं पोट भरलें हें ओळखण्याची मुलाची उपजत जाणीवच आपण मोडतों. "पैसे मोजले आहेत" हें तर त्याला सांगूंच नये.

म्हणून त्याच्यासाठीं निराळें ताट मागवूं नये. आपल्यांतलेंच थोडें बशींत काढून द्यावें, हवें तर पुन्हां वाढावें. उरलें तर बांधून मागावें, देतात.