मोजणीतून सुटलेला कोळी

भातावरील तपकिरी तुडतुड्यांविषयीच्या सल्लापत्रकांत कीटकनाशकाचे नाव, मात्रा व फवारणीची वेळ नेमकी दिलेली असते. त्याच चुडात तुडतुड्यांवर जगणाऱ्या कोळ्यांचे आणि ढेकणांचे काय होईल, याची ओळ मात्र क्वचितच आढळते. ही उणीव किरकोळ नव्हे. अनेकदा तुडतुड्यांचा उद्रेक तिथूनच सुरू होतो.

या किडीची मादी पर्णकोषाच्या आत अंडी घालते. स्पर्शजन्य कीटकनाशक तेथवर पोहोचत नाही. फवारणीने पिल्ले व प्रौढ मरतात, शेत काही दिवस निर्मळ दिसते आणि मग अंडी उबतात. एरवी ही अंडी शोषणारा हिरवट मिरीड ढेकूण आणि पिल्ले पकडणारा लांडगा कोळी या दोघांचाही त्याच फवारणीत बळी गेलेला असतो. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो मित्रकीटकांच्याच पंक्तीत बसतो.) डेल्टामेथ्रिनसारख्या कृत्रिम पायरेथ्रॉइडांच्या फवारणीनंतर तुडतुडे घटण्याऐवजी वाढतात, हे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तरीही पाने गुंडाळणारी अळी दिसताच, लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, याच गटातील औषधे मारली जातात. त्या वयातील भात थोडी पाने गेली तरी नवे फुटवे काढून नुकसान भरून काढतो. कोळ्यांची संख्या मात्र तेव्हा नुकती कुठे वाढू लागलेली असते. तुडतुडे येण्यापूर्वी ते बांधीतील कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर वाढलेल्या चिलटांवर गुजराण करतात.

इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि पुढे कीटकनाशकांवरील अनुदानही बंद केले. भाताचे उत्पादन कोसळले नाही. असा धाडसी निर्णय भारतात लगेच होईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण सल्ल्याची भाषा बदलण्यास कोणत्याही बंदीची गरज नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत कोळी नसल्यास प्रति फुटवा एक तुडतुडा ही आर्थिक नुकसानीची पातळी धरली आहे, तर प्रति चूड एक कोळी असल्यास हीच पातळी प्रति फुटवा दोन तुडतुड्यांवर जाते. मित्रकीटकाला हिशेबात घेणारी ही सोपी रीत छत्तीसगड, ओडिशा, आंध्र किंवा पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात स्थानिक पडताळणी करून वापरता येईल.

लोंबी भरत असताना शेतात जळाल्यासारखे गोल चट्टे पडू लागले, तर शेतकऱ्याला ‘कोळ्यांची वाट पाहा’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. तेव्हा फवारणी हवीच. पण ब्युप्रोफेझिनसारखे मित्रकीटकांना तुलनेने कमी घातक औषध हवे आणि ते चुडाच्या बुंध्याशी पडायला हवे. त्याआधीचे उपाय स्वस्त आहेत: बांधीतील पाणी अधूनमधून काढणे, नत्राला आवर घालणे, लावणी करताना दर दोन-तीन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडणे.

राहिला प्रश्न मोजणीचा. कृषी सहायकांच्या निरीक्षण तक्त्यात तुडतुड्यांच्या रकान्याशेजारी कोळी व मिरीड ढेकणांचे दोन रकाने वाढवावे लागतील. चूड किंचित वाकवून बुंध्याशी थाप मारली, की तुडतुडे पाण्यावर पडतात आणि त्यांच्यामागे पाण्यावरून धावणारे कोळीही दिसतात.