पांढरा थर काढा, पण मासा सांभाळून

मुलांच्या हट्टाखातर घरात काचेची टाकी येते. दोन गोल्डफिश तिच्यात फिरू लागतात आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण टाकीसमोर क्षणभर थांबतो. काही दिवसांनी काचेवर पांढरट थर दिसू लागतो. त्यातच पाहुणे यायचे असतात. मग एका रविवारी सगळे कंबर कसतात. मासे बादलीत काढून टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज असे सारे काही साबणाने घासून नळाखाली धुतले जाते. टाकी लख्ख होते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एका सकाळी त्यांतला एक आडवा तरंगताना दिसतो. "आपण तर टाकी स्वच्छ केली होती ना?" या मुलाच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते.

उत्तर त्या स्वच्छतेतच आहे. गोल्डफिश खादाड असतो आणि घाणही भरपूर करतो. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळत असतो. हा अमोनिया माशाला विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. साबणाने आणि क्लोरीनयुक्त पाण्याने ते एका दिवसात नाहीसे होतात. म्हणून काहीही घासण्यापूर्वी पांढरे दिसते ते नेमके काय आहे, हे ओळखावे.

पाण्याच्या रेषेजवळ, काचेवर किंवा झाकणावर खरखरीत आणि नखाने सहज न निघणारा थर असेल, तर ते क्षार आहेत. विशेषतः बोअरवेलच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर बसतात, तेच हे क्षार. पाणी उडून जाते आणि ते मागे राहतात. माशांना यांचा त्रास नसतो. टाकीतले पाणी चार बोटे कमी करावे. पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून त्यात फडके भिजवावे व पिळून थरावर दहा मिनिटे धरावे. व्हिनेगर नसेल तर लिंबाची फोड चोळावी. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाने थर खरवडावा आणि साध्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे. व्हिनेगर पाण्यात ठिबकू देऊ नये.

टाकी नवी असेल आणि पाणीच दूध सांडल्यासारखे गढूळ झाले असेल, तर ती बहुधा जिवाणूंची तात्पुरती वाढ असते. खाणे कमी करावे, हवेचा पंप चालू ठेवावा आणि धीर धरावा. सगळे पाणी बदलले, तर तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

तळाशी कापसासारखे पुंजके दिसले, तर ती उरलेल्या खाण्यावरची बुरशी समजावी. रबरी नळीने पुंजके ओढून काढावेत. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाणे घालावे. शोभेच्या नव्या लाकडावर चढणारी पांढरी बुळबुळीत साय मात्र निरुपद्रवी असते. लाकूड बाहेर काढून ब्रशने घासले की पुरे.

पांढरे ठिपके माशाच्या अंगावर असतील, तर नीट पाहावे. अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसले आणि मासा खड्यांवर अंग घासत असला, तर तो रोग आहे. त्यावर औषध लागते. ते जाणकाराला विचारून, वेष्टनावरच्या प्रमाणातच द्यावे. केवळ कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या कडेला बारीक टणक ठिपके असतील, तर विणीच्या काळात नरावर येणारी ती नैसर्गिक खूण होय.

एरवी आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहिल्यास क्षार वाढतच जातात. नव्या पाण्यात क्लोरीन काढणारे औषध घालावे आणि ते टाकीतल्या पाण्याइतकेच गार किंवा कोमट असावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. क्षार नकोत म्हणून केवळ आर.ओ.चे पाणी भरू नये. गोल्डफिशला थोडे क्षार हवेच असतात.

सगळी टाकी आधीच धुऊन झाली असेल, तरी हातपाय गाळू नयेत. एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे, पंप अखंड चालू ठेवावा. मासे सावरेपर्यंत रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि पुढचे काही आठवडे खाणे बेतानेच घालावे.

नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी आणलेला मासा त्याच्या दहावीच्या निकालालाही घरात असू शकतो. तेव्हा रविवारच्या पाणी बदलण्याच्या कामात मुलालाही सोबत घ्यावे आणि साबणाची वडी मात्र त्या दिवशी न्हाणीघरातच राहू द्यावी.