गिअर मोजू नका, टायर बघा

हायब्रीड सायकल घ्यायला जालन्याच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक आधी गिअर मोजतं, मग पुढचा शॉकअप दाबून बघतं. कुंभार पिंपळगावच्या माणसाने या दोन्ही गोष्टी शेवटी बघाव्यात. आपला मुलूख गोदाकाठचा, सपाट. घाट नाही, लांबलचक चढ नाही. समोरून वारा लागला तर हलका गिअर हवा हे खरं, पण त्याला मागचे सात-आठ पुरतात. २१ गिअरांतले बरेचसे तसेही एकमेकांच्या जवळपासचेच असतात. इथे सायकलची परीक्षा रस्ता घेतो. उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या डांबराच्या कडा, शेतात शिरणारी पांदण, पावसाळ्यात चाकाला लपेटणारी काळी माती आणि बारमाही वेड्या बाभळीचे काटे, हे सगळं सोसायचं असतं ते टायरने. म्हणून ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि मडगार्डच्या आत बोटभर मोकळी जागा, हे आधी पाहा. अरुंद टायरची सायकल डांबरावर पळेल, पण पांदणीत उतरून ढकलावी लागेल.

खड्ड्यांना शॉकअप नको का, असं कोणीही विचारेल. चांगला शॉकअप महाग असतो. स्वस्त सायकलींवर येतो तो बहुधा नुसती स्प्रिंग. ती किलोभर तरी वजन वाढवते, उभं राहून पेडल मारताना जोर खाते आणि धूळ-चिखल आत गेला की अडकते. रुंद टायरमध्ये हवा जरा बेताची ठेवली (किती ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं) तर साधा फोर्कही पुरेसा मऊ चालतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावात या सायकलची ट्यूब-टायर मिळत नाही. खरं आहे, आणि इथेच फसगत होते. आपली काळी सायकल २८ इंची म्हणतात, हायब्रीडलाही पुष्कळ दुकानदार २८ इंचीच म्हणतात. पण पहिलीच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसरीचा ६२२. तेरा मिलिमीटरच्या फरकाने एकीचा टायर दुसरीला बसत नाही. तेव्हा घेतानाच दोन जादा ट्यूबा घ्याव्यात. पंक्चरचा पॅच कोणत्याही ट्यूबला चालतो, आणि मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह निवडला तर हवा कुठल्याही गॅरेजवर भरता येते.

मग काळी सायकल काय वाईट? चाऱ्याचा भारा किंवा दुधाचे कॅन न्यायचे असतील तर अजिबात नाही. तिथे तीच हवी. पण रोज बाजार, बँक, शाळा आणि रविवारी समर्थ रामदासांच्या जांबपर्यंत रपेट, असा वापर असेल तर हायब्रीड हलकी पडते. मात्र मागच्या आसाजवळ कॅरिअर-मडगार्डचे बोल्ट बसतील अशी आट्यांची भोकं फ्रेमला हवीत. ती नसलेली सायकल रोजच्या कामाची नव्हे. शॉकअपचे वाचलेले पैसे मागच्या लाल दिव्यावर घाला. गाळपाच्या दिवसांत रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर असतात. आणि पिंपळगावच्या सायकल दुकानदारांनो, हायब्रीडच्या ७०० बाय ३८ मापाच्या चार ट्यूबा दुकानात टांगून ठेवा. गिऱ्हाईक येईल.