तिथीचा वाढदिवस कीं तारखेचा?

मार्गशीर्षांत मेहकर येथील आमच्या घरीं नातवाचें वर्ष पुरें झालें. प्रसंग आनंदाचा, परंतु त्या निमित्तानें जो खटका उडाला तो एकत्र कुटुंबांत केव्हां ना केव्हां उडतोच, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें व सौर वर्ष ३६५ दिवसांचें. मध्यें अधिकमास न आल्यास पहिल्या वर्षीं तिथि तारखेच्या सुमारें अकरा दिवस आधीं येते. त्याप्रमाणें बाळाची तिथि बुधवारीं आली व तारीख रविवारीं. सूनबाईंचें म्हणणें, त्यांच्या माहेरची माणसें अकोल्याहून रविवारींच येऊं शकतील. आमच्या मातुश्रींचें वय ८६. त्या म्हणाल्या, "तारीख सरकारी कागदापुरती, वाढदिवस तिथीचाच." त्यावर सूनबाई म्हणाल्या, "पंचांग पाहून रजा कोण देतो?" हीं वाक्यें दोघी परस्परांशीं न बोलतां आमच्याशीं बोलत होत्या. दोन दिवस स्वयंपाकघरांत काय तो भांड्यांचाच आवाज.

शेवटीं निकाल देण्याचें आमच्याकडे आलें. पंढरपूरच्या काशीनाथोपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास रचिलेला धर्मसिंधु आम्ही काढला. पहिल्या वर्षीं दरमहा जन्मतिथीस आणि पुढें प्रतिवर्षीं वर्धापन करावें, मार्कंडेयाचें व चिरंजीवांचें पूजन करावें, तीळगूळ घातलेलें दूध प्यावें, असा विधि. मातुश्रींच्या बाजूनें निकाल देणार, तोंच निषेध दिसले : त्या दिवशीं नखें-केस कापूं नयेत, प्रवास करूं नये, आणि कलह करूं नये. आम्ही पोथी मुकाट्यानें बांधून ठेवली.

सायंकाळीं मातुश्रींना विचारलें, "आई, तिथीचा एवढा आग्रह कां?" त्या कांहीं वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आधींचा माझा पहिला. त्याचे अकरा महिने मी तिथीवर मोजले. बारावा मोजायचा राहिला." थोरला भाऊ गेल्याचें आम्हांस ठाऊक होतें, ही मोजणी मात्र प्रथमच ऐकली. बाळाला कडेवर घेऊन सूनबाई दारांत उभ्या होत्या.

पूर्वींचीं माणसें पहिलें वर्ष महिन्यामहिन्यानें कां मोजीत, तें आम्हांस त्या दिवशीं नीट समजलें. आपल्या देशांत १९७१ सालींही जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १२९ बालकें वर्षाच्या आंत दगावत. लसी, दवाखान्यांतील प्रसूति व अधिक चांगलें पाणी यांमुळें २०२० सालीं हा आकडा २८ वर आला. तरुण आयांना बाळाच्या वर्षाची खात्री वाटते, हें त्या सुधारणेचें फळ. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आणि वृद्धांना ती खात्री वाटत नाहीं, यांत वृद्धांचाही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं स्वतः विचारलें, "आजी, बुधवारीं औक्षण किती वाजतां करायचें?" मातुश्री म्हणाल्या, "सकाळींच करूं. आणि रविवारच्या पुरणाला किती डाळ भिजवायची, तें तूं सांग."

बुधवारीं औक्षण झालें. बाळानें दुधाची वाटी निम्मी आमच्या धोतरावर लवंडली. मातुश्रींनीं त्याला मांडीवर घेऊन बोटांच्या पेरांवर महिने मोजले. चार बोटांचीं बारा पेरें पुरीं झालीं, तेव्हां त्यांनीं हात जोडले. रविवारीं पाहुणे आले, पुरणपोळी झाली. त्याच गर्दींत जावळही उरकावें अशी एकाची सूचना होती. ती मात्र आम्ही निषेध दाखवून पुढें ढकलली.

ज्या घरांत असा वाद असेल, तेथें निकाल देण्यापूर्वीं वडील माणसाला एकांतांत "कां" एवढें विचारून पाहावें. पंचांगाहून जुनें कारण पुष्कळदां तेथें निघतें. दोन दिवस साजरे केल्यानें बाळाचें कांहीं बिघडत नाहीं. कलहाचा निषेध मात्र दोन्ही दिवशीं पाळावा.