विश्लेषण : कोरोनाचे न मोजलेले मृत्यू गणिताने कसे मोजतात?

कोरोनाच्या पहिल्या दोन वर्षांत भारतात किती जण दगावले? सरकारी नोंदीनुसार २०२१ अखेरपर्यंत सुमारे ४.८१ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दिलेला अंदाज मात्र सुमारे ४७ लाखांचा होता. केंद्र सरकारने तो फेटाळला.

मुळात हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सरकारी आकड्यात बहुतांशी चाचणीत कोरोना निघालेले रुग्ण येतात. संघटनेने मोजले ते 'अतिरिक्त मृत्यू', म्हणजे साथ आली नसती तर जितके झाले असते त्याहून जास्त झालेले. खाट न मिळाल्याने हार्ट अटॅकने गेलेला माणूसही त्यात येतो.

पण 'झाले असते' हे कळणार कसं? एकटा माणूस कधी जाईल हे सांगता येत नाही. लाखोंच्या लोकसंख्येत मात्र वयानुसार मृत्यूचं प्रमाण बरंच ठरलेलं असतं. प्रौढ वयात ते वयाबरोबर ठरावीक पटीने वाढतं, हे बेंजामिन गोम्पर्ट्झ या ब्रिटिश गणितज्ञाने १८२५ मध्येच मांडलं होतं. (विम्याचा हप्ता याच हिशोबावर ठरतो.) आधीच्या वर्षांचा कल पुढे नेला की अपेक्षित आकडा मिळतो.

भारतात अडचण इथेच येते. २०१८ मध्ये ६९.५ लाख मृत्यू नोंदवले गेले, २०१९ मध्ये ७६.४ लाख. साथ नसताना सात लाखांची वाढ! त्यात नोंदणी सुधारल्याचा मोठा वाटा. त्यामुळे प्रत्येक वाढ साथीची नसते, हा सरकारचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. शिवाय संघटनेने १७ राज्ये-केंद्रशासित प्रदेशांच्या नोंदींवरून उरलेल्या देशाचा अंदाज बांधला होता. तिचा स्वतःचा पट्टाही ३३ ते ६५ लाख इतका रुंद होता. बातम्यांत तो फारसा दिसला नाही.

मे २०२५ मध्ये २०२१ ची नागरी नोंदणी जाहीर झाली : १.०२ कोटी मृत्यू. आदल्या वर्षी ८१.२ लाख होते. अधिकृत कोरोनाबळी त्या वर्षात सुमारे ३.३ लाख. बाकीची सगळी वाढ नोंदणी सुधारल्याने झाली, हे पटणं कठीण आहे. ४७ लाख तंतोतंत बरोबर ठरत नाहीत, पण ४.८१ लाखही टिकत नाहीत.

मॉडेल आकडा देतं, नावं देत नाही. कोरोनाबळींच्या कुटुंबांना जाहीर झालेल्या ५० हजार रुपयांसाठी मात्र चाचणीचा किंवा निदानाचा कागद लागत होता.